झाकण बसवायच्या आधी

देवरावजी भोयरांच्या दुकानात मशीन टाकून निघून जाता येत नसे. सिंदी मेघे गावात हा नियम सगळ्यांना माहीत होता, तरी नवीन माणूस फसायचाच. तो डीव्हीडी प्लेअर काउंटरवर ठेवायचा, "संध्याकाळी येतो" म्हणायचा आणि गाडीकडे वळायचा. मागून शांत आवाज यायचा.

"कोठं चालले भाऊ? मशीन काय माही हाये?"

माणूस परत यायचा. देवरावजी त्याच्याकडे स्टूल सरकवायचे. "बसा. मालक समोर असल्याशिवाय मी झाकण उघडत नाई."

"अहो, मले वावरात जाचं हाये."

"मंग जाऊन या. मशीनबी घेऊन जा, अन् संगंच घेऊन या."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांब टेबल, एक जुना टीव्ही, भिंतीवर लहान मुलांची पाटी आणि दारावर चार स्क्रूंनी बसवलेला पत्र्याचा फलक: 'डीव्हीडी-सीडी प्लेअर दुरुस्ती'. देवरावजी उंच, किडकिडीत. अंगात बाह्यांचं बनियन, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू कमालीच्या बारकाईने नीट करणाऱ्या या माणसाने स्वतःची काडी कधी बदलली नाही. "चष्मा दिसाले नाई, पाह्याले अस्ते," म्हणत.

मालक बसला की प्रश्न सुरू होत. कधीपासून बंद आहे? त्याच्या आदल्या दिवशी काय केलं? लाइट गेली होती का? जागा बदलली का? घरी कोण कोण होतं? उत्तरं पाटीवर खडूने लिहिली जात. मग प्लग, मग वायर, मग दुसरी डिस्क, मग दुसरा टीव्ही. हे सगळं झाल्यावरच पेचकस हातात. हा क्रम मी कधी मोडलेला पाहिला नाही. बोरगाव मेघेचे एक साहेब एकदा तणतणत आले. तीन ठिकाणी मशीन उघडून झाली होती, चित्र काही दिसत नव्हतं. देवरावजींनी त्यांना घरच्या टीव्हीचा मागच्या बाजूचा फोटो मोबाइलवर मागवायला लावला. पिवळी वायर लाल भोकात होती. आम्ही बसलेले सगळे हसलो. देवरावजी हसले नाहीत. "अर्धे आजार वायरीत अस्तात साहेब, माणसाले वाट्टे का आत काई मोठं झालं," एवढंच बोलले.

पण मी थक्क झाले ती त्यांच्या कानामुळे.

ऐन उमेदीची वर्षं त्यांनी एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, वायरमन म्हणून काढली होती. सरकी वेगळी होताना जिनात रुई अशी उडते की हातभर अंतरावरचं यंत्र दिसत नाही. तिथे ते ऐकायला शिकले. एक जुना पेचकस होता, लाकडी मुठीचा. त्याचं टोक ते मशीनच्या पत्र्यावर टेकवत आणि मूठ कानाला लावत, डॉक्टर नळी लावतो तशी. मग बटण दाबत. आत डिस्क गेली की प्लेअरमधलं भिंग आधी वर-खाली होऊन डिस्क शोधतं, सापडली तरच ती फिरवतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मला ऐकू यायची फक्त घरघर. ते डोळे मिटून सांगत, "भिंग तीनदा उठलं. शोधून राह्यलं बिचारं. त्याले दिसतच नाई." किंवा, "ट्रेचा पट्टा सैल झाला, घसरून राह्यला." झाकण उघडलं की बरोबर तेच निघे. सैल झालेला रबरी पट्टा ते तात्पुरता उकळत्या पाण्यात टाकून आवळून घेत, आणि त्यासाठी घरात एकच भांडं हाताशी असे. आतून यशोदाकाकूंचा आवाज येई, "आज चहाले रबराचा वास आला तं मले बोलाचं नाई!"

त्या पेचकसाच्या मुठीवर खिळ्याने कोरलेलं होतं: 'गुलाब'. मी एकदा विचारलं, हा कोण?

"जिनातला सोबती व्हता," ते म्हणाले आणि प्लेअर दुसऱ्या बाजूने फिरवला. 

मी पहिल्यांदा गेले ती आमच्या मंडळाचा प्लेअर घेऊन. आम्ही गावोगाव माहितीपट दाखवायचो आणि पत्रकं वाटायचो. खरं तर मी पत्रकांतच वाढले. वडिलांचा छोटा छापखाना होता, आमच्या घरात कपड्यांच्या दोरीवर पत्रकं वाळत. 'जाहीर निषेध' हे मी आयुष्यात लिहिलेले पहिले दोन शब्द. त्या दिवशीही माझ्या पिशवीत गठ्ठा होता. देवरावजींनी माझ्याकडून सगळी उत्तरं घेतली, मग म्हणाले, "पोरी, कागद हाये का एखादा?" मी अभिमानाने पत्रक दिलं. त्यांनी ते उलटं करून टेबलावर अंथरलं, कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मशीनची आकृती काढली, आणि एकेक स्क्रू निघाला तसा आकृतीत त्याच जागी कागदात खोचला. त्यांची हीच पद्धत होती. कोणता स्क्रू कुठला, हा घोळ कधी होतच नसे.

"काकाजी, ते वाचायसाठी आहे," मी म्हणाले.

"वाचलं न. एकाच बाजूनं बोलते तुमचं पत्रक. दुसरी बाजू मले कामात येते."

मला राग आला. पण पुढच्या महिन्यात मी उरलेला गठ्ठा स्वतःहून त्यांना नेऊन दिला.

आता त्यांची सगळ्यात विलक्षण सवय सांगते. काम झालं, चित्र दिसलं, झाकण बसलं, स्क्रू लागले. शेवटचा एक स्क्रू उरला की ते थांबत. तो बोटांत धरून मालकाकडे बघत. "झाकण बसवाच्या आधी सांगा. काई राह्यलं का? हा लागला का मी पुन्हा उघडत नाई."

आणि लोक सांगत! मी स्वतः ऐकलंय. "नातवानं आत पाच रुपये टाकलते, पाह्यलं का?" "दूध सांडलं होतं हो, लाज वाटली सांगाची." एकदा एक नवराबायको आले. ट्रे वाकडा झाला होता आणि नवरा सगळा वेळ बायकोकडे बोट दाखवत होता. शेवटच्या स्क्रूला त्याने बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "मीच आपटली. मॅच हारले, म्हून."

बायको म्हणाली, "अन् मले चार दिवस बोलून राह्यला!"

"बोला आता घरी जाऊन," देवरावजी म्हणाले आणि स्क्रू फिरवला. असल्या कबुल्या घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव कधी दिसला नाही. कोर्ट-कचेरीत जे निघत नाही ते हा माणूस एवढ्याशा स्क्रूवर काढतो, हे बघून मी हबकून जायची.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतल्या शेंडे मॅडम आमच्या मंडळात आल्या. नोकरीला दोनच वर्षं झालेली, परगावच्या, एकट्या राहणाऱ्या. शाळेला नवा डीव्हीडी प्लेअर मिळाला होता. दसऱ्याच्या सुटीनंतर मॅडमनी तो वर्गात नेला, डिस्क घातली, तर पडद्यावर 'नो डिस्क'. शाळा समितीचे अध्यक्ष पुरुषोत्तमजी यांनी गावभर सांगितलं की मॅडमनी मशीन घरी नेली, पिक्चर पाहिले आणि बिघडवली. शनिवारच्या सभेत त्यांच्या बदलीचा ठराव होता.

"बदलीचं काही नाही ताई," मॅडम म्हणाल्या, "बॅग भरायला एक तास लागतो मला. पण कागदावर राहील, शाळेची वस्तू हिने बिघडवली म्हणून. जाईन तिथे तो कागद माझ्याआधी पोचेल."

माझं रक्त उसळलं. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: 'शाळेच्या माथी भंगार!' ज्या दुकानदाराने मशीन पुरवली त्याचं नाव ठळक अक्षरांत. पाचशे प्रती छापल्या. शुक्रवारी सकाळी ती पिशवी घेऊन मी देवरावजींकडे गेले. शाबासकी हवी होती, दुसरं काय!

त्यांनी पत्रक वाचलं. पहिल्यांदाच छापील बाजू शेवटपर्यंत वाचली.

"मशीन कोणी उघडून पाह्यली?"

"कोणी नाही."

"मंग तुले कसं समजलं का दुकानदारानं भंगार देलं?"

"काकाजी, सगळेच देतात."

"अन् त्या अध्यक्षाले कसं समजलं का बाईनं बिघडवली?"

"तो माणूसच तसला आहे. न बघता आरोप करतो!"

 मला माझंच वाक्य ऐकू आलं, पण मी मान फिरवली. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात गुलाबचा पेचकस टाकला आणि म्हणाले, "उद्या सभा हाये न? पह्यल्या गाडीनं जाऊ."

यशोदाकाकू दारात आल्या. "इतक्या वर्षांत हा माणूस मशीनसाठी चौकाच्या पल्याड गेला नाई," त्या मला म्हणाल्या. "तू काय सांगतलं त्याले?"

मी काय सांगितलं होतं? एका बाईवर कोणी तरी न बघता आळ घातला, एवढंच.

शनिवारी सकाळची शाळा. मुलं खिडक्यांना लटकलेली. टेबलावर मशीन, शेजारी रजिस्टर, ठराव लिहून तयार, खाली सही तेवढी बाकी. शेंडे मॅडम भिंतीशी उभ्या होत्या, हातात डस्टर. तो ठेवायचं त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"तुम्ही कोण?" पुरुषोत्तमजींनी विचारलं. पांढरेशुभ्र कपडे, गंध.

"मशीनवाला. तुमची परवानगी असन तं चार गोष्टी इचारतो." आणि त्यांनी फळ्यावरच खडूने लिहायला घेतलं. "कवा आली मशीन?"

"दसऱ्याच्या दोन दिवस आंधी."

"मॅडमनं कवा लावली?"

"सुटी झाल्यावर. तवाच बिघडली."

"मधात?"

"मधात कपाटात. किल्ली माह्यापाशी. मॅडम तं गावाले गेलत्या."

देवरावजींनी प्लग पाहिला, वायर पाहिली, सोबत आणलेली डिस्क घातली. 'नो डिस्क.' मग पंखा बंद करायला लावला. पेचकसाची मूठ कानाला लावून ट्रे आत-बाहेर केला. एकदा. दोनदा. खिडकीतली पोरंसुद्धा गप्प झाली.  एका माणसाचं नाव राहणार की जाणार, हे तो कान ठरवत होता, आणि त्या चेहऱ्यावर कोणाची बाजू नव्हती.

त्यांनी डोळे उघडले. "आत काईतरी बारीक खडखडून राह्यलं. दसऱ्याले शाळेत पूजा झाली का?"

"झाली न! घंटा, फळा, पुस्तकं, सगळ्याची. म्या सोता केली."

"याची?"

"याची तं सगळ्यायच्या आंधी! नवी मशीन. लाइट लावून ट्रे बाहीर काढला, हळद-कुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं…" बोलता बोलता पुरुषोत्तमजींचा आवाज बसत गेला.

मी उठलेच होते. तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं धारदार. देवरावजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, कागद दे." पिशवीत ती पाचशे पत्रकंच होती. एक दिलं. त्यांनी ते उलटं अंथरलं, आकृती काढली, आणि पेचकस पुरुषोत्तमजींच्या हातात दिला. "मशीन शाळेची हाये, शाळेचे मालक तुमी. तुमीच उघडा."

एकेक स्क्रू निघून माझ्या पत्रकात खोचला गेला. झाकण निघालं. आत तांदळाचे सहा-सात दाणे, सगळीकडे पिवळी-लाल भुकटी. आणि भिंग, हरभऱ्याच्या डाळीएवढं, कुंकवाने माखलेलं.

कोणी हसलं नाही. देवरावजींनी कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून पुढे केली. "हळू फिरवा. लेकराच्या डोळ्यातलं कुसळ काढल्यासारखं."

त्या दांडग्या हाताने भिंग पुसलं. काडी लाल झाली. दुसरी घेतली, ती गुलाबी. तिसरी पांढरी निघाली. देवरावजींनी दाणे चिमट्याने उचलले, भुकटी ब्रशने झाडली. मॅडमची विज्ञानाच्या धड्याची डिस्क आत गेली, फिरली, आणि पडद्यावर बेडूक आला. खिडकीतून एकच ओरडा झाला, "बेडूक!"

स्क्रू परत लागले. शेवटचा त्यांनी बोटांत धरला.

"झाकण बसवाच्या आधी सांगा. कोनाचं काई राह्यलं का?"

पुरुषोत्तमजींनी ती लाल काडी बाजूला सारली. मग उठले, रजिस्टर ओढलं, ठरावावर काट मारून खाली सही केली. "मॅडम," ते म्हणाले, "उगाच आळ घातला म्या तुमच्यावर. देवाचंच केलं व्हतं, पण पाह्यलं नाई." मॅडमनी मान हलवली. त्यांच्या हातातला डस्टर खाली पडला, तो उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

मला वाटलं, संपलं. पण स्क्रू अजून बोटांतच होता. देवरावजी माझ्याकडे वळले होते.

"अन् तुमचं?"

ज्यांच्याशी भांडायला गेले होते त्यांच्यासमोर मी ते टोचून चाळण झालेलं पत्रक उलटं केलं. दुकानदाराच्या नावातून एक स्क्रू आरपार गेला होता. "मीही न बघता लिहिलं," मी म्हणाले. आयुष्यात इतकं छोटं वाक्य मला इतकं जड गेलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू फिरवला.

परतताना एसटीत मी भांडले. पुरुषोत्तमजींवर पत्रक निघालंच पाहिजे, मी म्हणाले. ते म्हणाले, "त्यानं उघड्या झाकणासमोर सांगतलं. आता छापून काय करते?" मला हे तेव्हा पटलं नाही आणि आजही पुरतं पटत नाही. रजिस्टर ज्याच्या हातात असतं त्याला चूक कबूल करणं परवडतं. मॅडमसाठी कोणी गेलं नसतं तर तो ठराव तसाच राहिला असता. मी हे सगळं त्यांना सुनावलं.

"हे बरोबर हाये," ते म्हणाले. "हे लिही. पण आंधी पाहून लिही."

ती चारशे नव्याण्णव पत्रकं पुढे त्यांच्या टेबलावर एकेक करून संपत गेली. मी मात्र त्यानंतर आरोपाचं एकही वाक्य स्वतः जाऊन बघितल्याशिवाय लिहिलेलं नाही. माझी पत्रकं आता कमी निघतात. मंडळात मला त्यावरून टोमणे बसतात, बसू देत.

मग प्लेअर येईनासे झाले. लोक मोबाइलवर बघू लागले. देवरावजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. गेल्या उन्हाळ्यात मुलीने दोघांना नागपूरला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी मी भेटायला गेले तेव्हा ते खुर्चीवर चढून दारावरचा फलक काढत होते. मी खुर्ची धरली. खाली पायरीवर माझं एक जुनं पत्रक, त्यावर फलकाची चौकोनी आकृती, तीन कोपऱ्यांत तीन स्क्रू खोचलेले.

चौथ्याला पेचकस लावून ते थांबले. मी गमतीने म्हणाले, "काकाजी, काही राहिलं का? सांगून टाका."

ते खाली उतरले. पायरीवर बसले. मूठ अंगठ्याने चोळत राहिले.

"गुलाबले सांगाचं राह्यलं," ते म्हणाले.

जिनात एकदा मोटर जळली होती. शेठने विचारलं, पाळी कोणाची? देवरावजींनी सांगितलं, गुलाबची. त्याला उभ्या उभ्या काढून टाकलं. दुपारी देवरावजींनी मोटर उघडली, तर आत वायरीचा जोड सैल होता. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः केलेला जोड.

"तवा नाई बोललो. माही नोकरी गेली असती. आठ दिवसानं त्याचा हा पेचकस द्याले गेलतो. म्हटलं, आता सांगतो. तं थो गाव सोडून गेलता. मंग लय शोधलं. मोटर न उघडता नाव घेतलं म्या, पोरी."

दारात यशोदाकाकू डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मलेबी नाई सांगतलं कधी," त्या हळूच म्हणाल्या. मग डबा खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसल्या. मी, जिला कोणत्याही गोष्टीवर अर्ध्या तासात पत्रक लिहिता येतं, अजून रिकामी खुर्चीच धरून उभी होते.

ऑटो आला. सामान चढलं. "फलक?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले. "थो एक स्क्रू राहू दे."

ऑटो वळणावर गेला तेव्हा मागच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती. सदऱ्याच्या बाजूच्या खिशातून वर आलेली लाकडी मूठ त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवली होती, धक्क्याने पडू नये म्हणून. दारावर फलक एका स्क्रूवर तिरपा लोंबत होता.